गुरांच्या दवाखान्यातले मांजर : घरच्या कुत्र्यामांजरांच्या आरोग्याचा पुणेरी इतिहास

१/
पुण्यात आजारी मांजर टोपलीत घालून सरकारी दवाखान्याकडे निघालेल्या माणसाने रस्ता विचारला, तर एखादा जुना पुणेकर त्याला ‘गुरांचा दवाखाना’ कुठे आहे ते सांगतो. पाटीवर ‘पशुवैद्यकीय’ असे लिहिलेले असते. बोलीत मात्र शब्द गुरांचाच टिकून आहे. भाषेने इथे इतिहास जपून ठेवला आहे. आपल्याकडे जनावरांचे वैद्यक उभे राहिले ते घोड्यासाठी आणि बैलासाठी. कुत्र्याला त्यात प्रवेश मिळाला भीतीमुळे, तर मांजराला उपयोगामुळे. ‘रुग्ण’ म्हणून मान मिळायला मात्र या दोघांना फार थांबावे लागले. त्या थांबण्याची ही कथा.

२/
सोबत मात्र फार जुनी आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. त्यांतील एक म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ. रथात एक पुरुष उभा आहे आणि पुढच्या दांडीवर एक कुत्रा. या मूर्ती साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. बैल ओढतो आहे, माणूस हाकतो आहे. कुत्रा नुसता सोबत आहे. महाराष्ट्राच्या मातीत माणूस, गुरे आणि कुत्रा यांचे एकत्र शिल्प इतके प्राचीन आहे.

३/
पुढे देवांनीही त्याला जवळ केले. जेजुरीच्या खंडोबाच्या प्रतिमेत घोड्यासोबत कुत्रा असतो. खंडोबाचे उपासक ‘वाघ्ये’ स्वतःला देवाचे कुत्रे मानत. दत्तात्रेयाच्या चित्रातील चार कुत्रे म्हणजे चार वेद, अशी श्रद्धा आहे. मांजराला देव्हाऱ्यात जागा मिळाली नाही, पण पापभीरू मनात मिळाली : हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूत घराघरांत होती. श्रद्धेने या प्राण्यांना मारण्यापासून पुष्कळदा वाचवले. आजारातून वाचवण्याचे साधन मात्र श्रद्धेपाशी नव्हते.

४/
प्राचीन वैद्यकाला कुत्र्याची ओळख होती ती विषाच्या वाटेने. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांची चर्चा आहे. त्यातील सातवा अध्याय उंदरांच्या विषाचा, आणि त्याच अध्यायात पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे वर्णन येते. या विषाला ‘अलर्कविष’ म्हटले आहे. दंश झालेला माणूस पाण्याला भिऊ लागला, तर तो वाचत नाही, हे निरीक्षणही तिथे आहे. आजचे वैद्यक यात फारसा बदल करू शकलेले नाही : रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. उंदीर आणि पिसाळलेला कुत्रा एकाच अध्यायात यावेत, हा योग पुढे पुण्याच्या इतिहासात पुन्हा दिसतो.

५/
मराठेशाहीत जनावरांच्या डॉक्टरला शब्द होता : शालोत्री. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो आला. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच घोडा आहे, आणि ते स्वाभाविकही होते. ज्या राज्याची ताकद पागेत होती, त्याने घोड्याच्या खुराची काळजी आधी घेतली. शेतकऱ्यासाठी तोच मान बैलाचा. घरातला कुत्रा आजारी पडला तर तो कोपऱ्यात जाऊन बसे, गवत खाई. बरा होई किंवा मरे. मांजर तर आजारी पडल्यावर दिसेनासेच होई. त्यांच्यासाठी वैद्य बोलवावा, अशी कल्पनाच रूढ नव्हती.

६/
इंग्रजी राज्यात कुत्रा प्रथम कायद्याच्या नजरेत आला तो गुन्हेगार म्हणून. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने पकडणारे घरांच्या आसपासची, पाळलेली कुत्रीही ओढून नेत, अशी लोकांची तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या पवित्र दिवशी हा संताप उसळला. कोटात दंगल झाली, बाजार बंद पडले, लष्कराला पाचारण करावे लागले. इतिहासात ही घटना ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणून नोंदली गेली आहे.

७/
या दंगलीमागे धर्मश्रद्धा होती. पारशी अंत्यसंस्कारात ‘सगदीद’ म्हणजे मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा विधी आहे. पण पुढचे पाऊल संस्थात्मक होते. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव मिळाले. त्याच आवारात १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झाले. दयेला आता शिकलेल्या हातांची जोड मिळू लागली.

८/
आणि मग पुणे. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आज सीओईपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, ‘इम्पीरियल बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. प्राण्यांच्या रोगांवर जंतुशास्त्रीय संशोधन करणारी ही भारतातील आद्य प्रयोगशाळा. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. तिच्या स्थापनेमागे बुळकांडीचा, म्हणजे रिंडरपेस्टचा, धसका होता. ही साथ आली की गोठेच्या गोठे ओस पडत. बैल मेले की नांगर थांबे, नांगर थांबला की शेतसारा थांबे. सरकारला जनावरांच्या आरोग्याची निकड कळली ती या हिशेबातून.

९/
साथीच्या रोगांचे जंतू दाट वस्तीत हाताळणे धोक्याचे होते. थंड आणि निर्जन जागा हवी होती. म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. आज तिचे मुख्य केंद्र बरेलीजवळ इज्जतनगरला आहे. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. त्या दीर्घ लढ्याचे भारतातील एक आरंभस्थान पुणे आहे, ही गोष्ट शहराला फारशी ठाऊक नाही. पण या यादीतही बैल, रेडा आणि घोडाच होते. कुत्र्यामांजरांचे नाव त्यात नव्हते.

१०/
मांजराला इतिहासात ओढले ते प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि त्या वर्षाअखेर ती पुण्याच्या पेठांत शिरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्लेग कमिटीची झडती, घरांची धुलाई, सामानाची जाळपोळ यांनी शहर हादरले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. हा सारा इतिहास सर्वांना परिचित आहे. त्याच घरांतल्या उंदरामांजरांचा इतिहास मात्र कमी सांगितला जातो.

११/
लोकांना एक खूण शास्त्रज्ञांच्या आधी कळली होती. ‘उंदीर पडू लागले’ की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. उंदीर आणि माणूस यांना जोडणारा दुवा १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवला. प्लेगने आजारी असलेला उंदीर त्याने मोठ्या काचपात्रात ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलात सापडलेल्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवाही त्यात सोडल्या. आजारी उंदराजवळ जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेला निरोगी उंदीर काही दिवसांनी प्लेगनेच मेला. रोग पिसवेमार्फत जातो, या शोधात एका अनामिक मांजराचा असा हातभार आहे.

१२/
सिमोंचे म्हणणे लगेच कोणी मानले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत झालेल्या मोठ्या प्रयोगांनंतर ते पक्के झाले. मग साधा प्रश्न पुढे आला : उंदीर कमी कसे करायचे? अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेल्या अँड्र्यू ब्यूकॅनन या लष्करी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्याने घरोघरी मांजर पाळण्याचा उपाय आग्रहाने मांडला. वऱ्हाडातील गावांत मांजरे किती आणि प्लेग कुठे, याची त्याने पाहणी केली. १९०८ मध्ये त्याचे लेखन इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चुलीपाशी झोपणारे मांजर आता सार्वजनिक आरोग्याचे शिपाई ठरू पाहत होते.

१३/
या योजनेला एक दुखरी बाजू होती. मांजरालाही प्लेग होतो, आणि तो त्याच्यासाठी अनेकदा जीवघेणा ठरतो. आजारी मांजरापासून माणसालाही लागण होऊ शकते. शिवाय उंदरांसाठी ठेवलेले विष उंदरामार्फत मांजराच्या पोटात जाई. शिपायाला आघाडीवर पाठवले, पण त्याच्या जिवाची तजवीज कोणी केली नाही. उंदरासाठी ठेवलेल्या विषाचा हा धोका आजही संपलेला नाही. मांजर असलेल्या घरात पिंजरा लावावा, विषाची गोळी ठेवू नये, हा साधा नियम त्या काळाचाच धडा आहे.

१४/
कुत्र्याची वाट वेगळी होती. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर रेबीजच्या लसीचा प्रयोग केला आणि मुलगा वाचला. भारतात ही सोय नव्हती. ज्यांना परवडे किंवा ज्यांना सरकार पाठवी, ते पिसाळलेले कुत्रे चावल्यावर बोटीने पॅरिसला जात. बाकीच्यांनी वाट पाहायची. १९०० मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली, तेव्हा समुद्रप्रवास वाचला. पण पुण्यातील गरीब माणसाला कसौलीही पॅरिसइतकीच दूर होती.

१५/
कसौलीचे संचालक डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूत वाढवलेले, कार्बोलिक आम्लाने निष्प्रभ केलेले विषाणू वापरून लस तयार केली. ती दूरवर पाठवता येई, म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत उपचार पोहोचले. मराठी घरांतील ‘बेंबीभोवती चौदा इंजेक्शने’ ही धास्ती याच लसीची देणगी. या लसीने असंख्य जीव वाचवले. मात्र तिच्यातील मेंदूच्या अंशामुळे काहींना पक्षाघातासारखे गंभीर त्रास होत. भारतात तिचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले. आजची पेशीसंवर्धनातून केलेली लस दंडात देतात आणि ती फार सुरक्षित आहे. चौदा सुयांची भीती मात्र लसीपेक्षा जास्त टिकली. त्या भीतीने आजही काहीजण दवाखाना टाळतात.

१६/
या उपचारातील एक कडी पुण्याजवळ आहे. दंश खोल असेल तर लसीसोबत जखमेत तयार प्रतिपिंडे द्यावी लागतात, आणि ती बराच काळ घोड्याच्या रक्तातून मिळवली गेली. हाफकिन संस्थेचे असे घोडे पिंपरीत असतात. हडपसरच्या पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडेही हाफकिनकडे जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. याच संस्थेने पुढे घोड्याशिवाय तयार होणारे, रेबीजवरचे जगातील पहिले मोनोक्लोनल प्रतिपिंड बाजारात आणले. शालोत्र्याचा घोडा असा कुत्र्याने चावलेल्या माणसाच्या मदतीला आला.

१७/
तरीही हे सारे उपाय चावा झाल्यानंतरचे होते. खरा पालट झाला तो प्रश्नाची दिशा फिरल्यावर : माणसाला टोचण्याआधी कुत्र्यालाच टोचले तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात. माणसांतील जवळजवळ ९९ टक्के प्रकरणांचे मूळ कुत्र्यात असते, आणि मृतांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. एखाद्या भागातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर विषाणूची साखळी तुटते. म्हणजे कुत्र्याचे आरोग्य राखणे ही माणसाचे मूल वाचवण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे.

१८/
याचा पुरावा शेजारीच आहे. गोव्यात २०१४ पासून हातात जाळी घेऊन पथके गल्लोगल्ली फिरली. दरवर्षी हजारो कुत्र्यांना लस टोचली गेली, शाळांतून मुलांना माहिती दिली गेली, संशयित कुत्र्याची खबर घेणारी यंत्रणा उभी राहिली. २०१७ नंतर सलग काही वर्षे राज्यात रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज-नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. १८३२ च्या मुंबईने कुत्री मारून जे साधले नाही, ते गोव्याने कुत्र्यांना टोचून साधले.

१९/
कायदाही याच वळणाने गेला. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा पहिला मोठा भारतीय कायदा १८९० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा नवा कायदा आला. २००१ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांसाठी मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण ही रीत ठरवली. २०२३ मध्ये हे नियम नव्याने आले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच वाद पुन्हा पेटला. माणसाची सुरक्षा आणि प्राण्याचा जीव एकमेकांविरुद्ध उभे केले की दोन्ही बाजू हरतात, हा दोनशे वर्षांचा अनुभव त्या वादामागे उभा आहे.

२०/
भीतीचा अध्याय रेबीजचा. पण कुत्र्यांना कुत्र्यांसाठी वाचवण्याचा अध्याय डिस्टेंपरचा आहे. या रोगामागे विषाणू असल्याचे आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये श्वानप्रेमी वाचकांनी एका नियतकालिकाच्या आवाहनावरून निधी जमवला आणि त्यातून लेडलॉ व डंकिन यांनी लस विकसित केली. पुढे १९७८ मध्ये पार्व्हो हा नवाच रोग जगभर पसरला आणि पिल्ले रक्ताच्या हगवणीने मरू लागली. त्याचा विषाणू मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या कुळातला. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो भारतातही आढळला. आज पिलाला दीड-दोन महिन्यांपासून टोचली जाणारी एकत्रित लस हे या दोन्ही लढ्यांचे फलित आहे.

२१/
या लसीचे मोल घरापुरते नाही, हे पुण्यातूनच सिद्ध झाले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या अभयारण्यात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत आले. १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने त्यांत डिस्टेंपरचा विषाणू ओळखला. हा विषाणू कुत्र्यांत वावरतो आणि जंगलाच्या कडेला असलेल्या लस न टोचलेल्या कुत्र्यांपासून वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो. उंबऱ्यावरचे कुत्रे आणि जंगलातला सिंह यांच्यातील अंतर विषाणूच्या दृष्टीने फार थोडे आहे.

२२/
दरम्यान पुण्याचे घरच बदलले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडेच्या वाडे कोसळले. शहर उपनगरांत पसरत गेले. वाड्याच्या जागी इमारत आली, इमारतीच्या जागी मनोरा. वाड्यात मांजराला चौक होता, माळा होता, परसाचे दार होते. सदनिकेत त्याच्या वाट्याला आली ती गॅलरी. उंचावरून पडलेल्या मांजरांच्या दुखापतींवर १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक मांजरे वाचली. पण छाती, जबडा आणि पाय यांना झालेल्या इजा गंभीर होत्या. गॅलरीला बसवलेली जाळी ही वाड्याच्या गेलेल्या भिंतीची भरपाई आहे.

२३/
ताटही बदलले. पेठांतील शाकाहारी घरांत मांजराला दूधभात मिळे आणि ते ठणठणीत असे, ही आठवण खरी आहे. पण तिचे अर्धे उत्तर माळ्यावरच्या उंदरात होते. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी. त्याच्या शरीराला टॉरिन हे द्रव्य पुरेसे बनवता येत नाही. ते मांसातूनच मिळते. त्याच्या अभावी आधी दृष्टी जाते, हे १९७० च्या दशकात कळले. हृदयही निकामी होते, हे पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. सातव्या मजल्यावरच्या मांजराला उंदीर मिळत नाही. तिथे नुसता दूधभात म्हणजे प्रेमाने केलेली उपासमार.

२४/
औषधांचेही तसेच. ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली, तर ती जीव घेऊ शकते. त्याचे यकृत ते औषध माणसासारखे निकामी करू शकत नाही. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला विषारी असतात. कुत्र्यासाठी मात्र गोचीड हाच वैरी. ‘बबेसिया गिब्सनाय’ या गोचीडतापाच्या जंतूचे पहिले वर्णन १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरून झाले. चॉकलेट, द्राक्षे, मनुके आणि कांदा कुत्र्याला बाधतात. शालोत्र्याच्या काळी रोग बाहेरून येत. आता अर्धे धोके फडताळात आणि औषधांच्या डब्यात आहेत.

२५/
शहराबाहेर धोका चार पायांनी चालत येतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबटे वाढतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव व गावकुत्र्यांचा निघाला. त्याखालोखाल मांजरे होती. अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे पळूही शकत नाही. राखणदाराला रात्री बंद निवाऱ्यात घेणे ही त्या भागात चैन नाही. त्यामुळे बिबट्या घरापाशी येण्याचे कारणही कमी होते.

२६/
कागदावरही या दोघांची जागा बदलली आहे. पाळीव कुत्र्याचा परवाना पुणे महापालिकेच्या नियमांत आधीपासून होता. २०२२ मध्ये महापालिकेने मांजरांच्या नोंदणीचाही निर्णय घेतला, तेव्हा शहरात विनोदांना ऊत आला. पण नोंदणीला जोडलेली अट पाहिली की विनोद थांबतो : रेबीजच्या लसीचा दाखला. ज्या मांजराची १९०८ मध्ये प्लेगच्या हिशेबात मोजदाद झाली, त्याची आता लसीच्या हिशेबात होऊ लागली. मोजणीचा हेतू पालटला, हे शंभर वर्षांतील अंतर.

२७/
या इतिहासातून उरणारे नियम थोडे आहेत. पिलाला वेळेवर लस, पुढे पशुवैद्य सांगेल तशी पुन्हा मात्रा. नसबंदी. गोचीड-पिसवांचा बंदोबस्त. मांजराला मांसाहार, गॅलरीला जाळी, उंदरांना विषाऐवजी पिंजरा. आणि कोणत्याही कुत्र्यामांजराने चावले वा ओरबाडले, तर जखमेवर चुना, हळद, तिखट काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी दवाखाना. चावणारे जनावर घरचे आहे, ही सबब रेबीजला माहीत नसते.

२८/
दायमाबादच्या रथावरचा कुत्रा प्रवासाला निघाला त्याला हजारो वर्षे झाली. या काळात माणसाने त्याला पुजले, त्याला भ्याला, त्याला मारले, त्याच्याकडून राखण करवून घेतली; मांजराला उंदरांच्या लढाईवर धाडले. दोघांची नाडी पाहायला तो सर्वांत शेवटी बसला, आणि बसल्यावर त्याला कळले की त्या नाडीत त्याच्या स्वतःच्या मुलांचे आयुष्यही गुंतलेले आहे. ‘गुरांचा दवाखाना’ हे नाव पुण्याने खुशाल टिकवावे. टोपलीतल्या मांजराला तिथे उशिरा का होईना, हक्काची जागा मिळाली आहे.

(धागा समाप्त)